वेगळी चूल मांडण्याआधी: सामूहिक बातमी-साइट सोडून नवी काढणाऱ्या स्वयंसेवकांसाठी

सप्टेंबर २०११मध्ये इंग्रजी विकिन्यूजवरच्या काही मंडळींनी गाशा गुंडाळला. विकिन्यूज हे विकिपीडियाचं धाकटं भावंड. २००४च्या अखेरीस सुरू झालेलं. कुणीही बातमी लिहायची, ती न लिहिलेल्या दुसऱ्या कुणीतरी तपासायची आणि मगच ती प्रसिद्ध व्हायची, अशी तिथली रीत. बाहेर पडलेल्यांनी ‘ओपनग्लोब’ नावाची आपली साइट उघडली. किमान नऊ जणांनी साथ द्यायचा शब्द दिलाय, असं तेव्हा जाहीर झालं होतं. ओपनग्लोब आज चालू नाही, आणि विकिन्यूजचीही माणसांची चणचण मिटली नाही.

मी स्वतः काही वर्षं एका सामूहिक साइटवर बातम्या तपासायचं काम केलं. अशाच एका फुटीत अर्धा आत, अर्धा बाहेर असा लोंबकळलोही. त्यामुळे ‘फुटू नका’ असं सांगणारा हा लेख नाही. कधी कधी फुटावंच लागतं. पण मजकूर एका रात्रीत उतरवून घेता येतो, सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि या दोन सोप्या गोष्टींच्या नादात तिसरी राहून जाते: मंगळवारी रात्री साडेअकराला दुसऱ्याची बातमी ओळ न् ओळ तपासायला बसणारा माणूस. तो कुठल्याच बॅकअपमध्ये येत नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच्याभोवती फिरतात.

पायरी १: भांडण एका वाक्यात लिहा

आपण का निघतोय, हे प्रत्येकाने दुसऱ्याला न दाखवता एका वाक्यात लिहायचं. मग सगळे कागद शेजारी ठेवायचे. पाच माणसांची पाच वेगळी कारणं निघाली तर तुम्ही नवी साइट काढत नाही आहात, फक्त एकत्र रुसला आहात.

आगरकर ‘केसरी’तून १८८७मध्ये बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढलं. सामाजिक सुधारणा आधी की राजकीय, हा वाद होता आणि तो नव्या पत्राच्या नावातच होता. वाचकाला अंक उघडायच्या आधी कळायचं की इथे वेगळं काय मिळणार. तुमच्या साइटच्या नावातून नाही, निदान पहिल्या पानावरच्या एका ओळीतून तरी हे कळायला हवं.

भांडणं साधारण तीन जातींची असतात, आणि कुठल्या जातीचं भांडण आहे यावर पुढचं बरंच ठरतं.

पहिली जात मालकाशी भांडण. विकिट्रॅव्हल ही प्रवासाची माहिती देणारी सामूहिक साइट २००३मध्ये सुरू झाली आणि २००६मध्ये इंटरनेट ब्रँड्स या कंपनीला विकली गेली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जर्मन स्वयंसेवकांनी विकिव्हॉयेज काढलं, पाठोपाठ इटालियन आले. इंग्रजीवाले आणखी सहा वर्षं थांबले आणि २०१२मध्ये निघाले. जानेवारी २०१३मध्ये विकिव्हॉयेज विकिमीडियाच्या, म्हणजे विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेच्या, छताखाली रीतसर सुरू झालं, ते आजही चालू आहे. स्लॅशडॉटची गोष्टही याच जातीची. तंत्रज्ञानाच्या बातम्या वाचकांनीच पाठवायच्या आणि वाचकांनीच प्रतिक्रियांना गुण द्यायचे, अशी ती १९९७पासूनची साइट. फेब्रुवारी २०१४मध्ये तिच्या मालकांनी नवं रूप लादायचा प्रयत्न केला. लोकांनी आठवडाभर बहिष्कार घातला आणि त्याच महिन्यात सॉयलेंटन्यूज उभी राहिली.

दुसरी जात नियमाशी भांडण. विकिन्यूज फुटलं त्यात हाच भाग मोठा होता. तपासणी किती कडक असावी? ती होईस्तोवर बातमी शिळी होत असेल तर काय करायचं?

तिसरी जात माणसाशी भांडण. या कारणासाठी साइट काढू नका. तो माणूस तिकडेच राहील आणि सहा महिन्यांत तसाच एक जण तुमच्यात तयार झालेला असेल.

माझं निरीक्षण असं: मालकाशी भांडण असेल तर वेगळी चूल टिकण्याची शक्यता जास्त. मागे राहिलेल्यांचाही राग तोच असतो, त्यामुळे माणसं नंतरही येत राहतात. नियमाशी भांडण असेल तर ज्यांना तो नियम पटतो ते मागेच राहतात, आणि कडक तपासणी पटणारी माणसं म्हणजेच कष्टाळू तपासनीस. तुम्ही लेखक घेऊन निघता, तपासणारे तिकडेच राहतात. बातमीच्या साइटला हे परवडत नाही.

पायरी २: माणसं नाही, तास मोजा

‘मी आहेच’ म्हणणाऱ्यांची यादी करू नका. प्रत्येकाला विचारा: आठवड्यातले कुठले दोन वार, किती ते किती?

साधा हिशोब मांडू. तीनशे शब्दांची, दोन स्वतंत्र स्रोतांवरून लिहिलेली बातमी घ्या. प्रत्येक विधान स्रोतात आहे का ते पाहायचं. वाक्यं उचललेली नाहीत ना, मथळा बातमीपेक्षा मोठं बोलत नाही ना, नावं आणि तारखा बरोबर आहेत ना, हेही पाहायचं. इमानदारीने केलं तर पाऊण तास जातो. रोज तीन बातम्या म्हणजे सव्वादोन तास, महिन्याला साडेसदुसष्ट. चार तपासनीस असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला जवळपास सतरा तास. आणि हे झालं फक्त तपासणीचं. लिहिणं, सर्व्हर सांभाळणं, रागावलेल्या वाचकाला उत्तर देणं वेगळंच. शिवाय ज्याने बातमी लिहिली त्याने ती तपासायची नाही, म्हणजे चारातला एक लिहीत असेल तर उरले तीन.

आता यातून गणपतीचे दहा दिवस, दिवाळी, परीक्षा, ऑफिसचं मार्चएंड आणि कुणाच्या तरी घरचं लग्न वजा करा. माझा अनुभव सांगतो, शब्द दिलेल्या नऊ जणांपैकी तिसऱ्या महिन्यात चार उरतात. ते चारही बहुधा तेच, जे जुन्या साइटवरही सगळं ओढत होते.

तेव्हा रोज तीन बातम्यांचा हट्ट धरू नका. आठवड्याला पाच चांगल्या बातम्या देणारी साइट वाचकाला चालते. रोजची म्हणून जाहीर करून आठवड्याला पाच देणारी मात्र दुसऱ्याच महिन्यात ओसाड वाटायला लागते.

पायरी ३: वाटण्या – काय नेता येतं, काय नाही

जुन्या साइटचा परवाना शोधा आणि नीट वाचा. विकिन्यूजचा मजकूर सप्टेंबर २००५पासून क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्यूशन या मुक्त परवान्याखाली येतो. म्हणजे कुणीही तो नेऊ शकतो, बदलू शकतो, विकूही शकतो. अट एकच: श्रेय द्यायचं. विकिपीडियाचा परवाना याहून एक पाऊल पुढचा आहे, तिथला मजकूर नेलात तर नवा मजकूरही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. म्हणून विकिन्यूजमधला उतारा विकिपीडियात नेता येतो, पण विकिपीडियाचा उतारा विकिन्यूजच्या परवान्याखाली आणता येत नाही. तुमच्या नव्या साइटचा परवाना ठरवताना हे उलटसुलट गणित आधी सोडवा. एकदा शेकडो लोकांनी लिहिलं की परवाना बदलायला प्रत्येकाची संमती लागते.

श्रेय म्हणजे तळाशी ‘साभार’ एवढं लिहून भागत नाही. मूळ पानाचा दुवा, लेखकांची नावं किंवा संपादनांचा इतिहास, परवान्याचं नाव आणि तुम्ही बदल केलेत याची नोंद, इतकं हवं. साइट मीडियाविकीवर, म्हणजे विकिपीडियाच्याच सॉफ्टवेअरवर, चालत असेल तर पानं इतिहासासकट एक्सएमएल फाइलमध्ये बाहेर काढता येतात आणि दुसरीकडे आत घेता येतात. त्यात एक खाच आहे. जुन्या साइटवरचा ‘सागर’ आणि नव्या साइटवर नाव नोंदवणारा ‘सागर’ ही वेगळी माणसं असू शकतात. आयात करताना जुन्या नावांना उपसर्ग लावायची सोय आहे ती वापरा, नाहीतर एकाचं लिखाण दुसऱ्याच्या नावावर चढेल.

छायाचित्रांचा परवाना मजकुरापेक्षा वेगळा असू शकतो. प्रत्येक चित्राचा तपासा. वेळ नसेल तर चित्रं मागेच ठेवा.

सदस्यांचे ईमेल पत्ते आणि पासवर्ड यांना हात लावायचा नाही. तुम्ही तिथे प्रशासक होतात आणि तुम्हाला ते दिसत होते, एवढ्याने ते तुमचे होत नाहीत. ज्याला यायचंय तो स्वतः येऊन नाव नोंदवेल.

आणि जुन्या साइटला मुक्त परवाना नसेलच तर? मग दुसऱ्यांचं काही नेता येणार नाही, पण स्वतःचं लिखाण बहुधा नेता येईल. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९नुसार हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी हवं आणि देणाऱ्याची सही हवी. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. अर्थात साइटच्या अटी परदेशी कायद्याखाली असतील तर गणित बदलतं. त्या अटी एकदा डोळ्यांखालून घाला.

एक मोह मात्र टाळा: सगळंच उतरवून घेण्याचा. विकिपीडियाच्या सहसंस्थापकांपैकी लॅरी सँगर यांनी २००६मध्ये सिटिझेंडियम या नव्या विश्वकोशाची घोषणा केली तेव्हा अख्खा इंग्रजी विकिपीडिया उतरवून त्यावर सुधारणा करायचा बेत होता. २००७च्या सुरुवातीला त्यांनी तो सोडला आणि न सुधारलेले उतरवलेले लेख काढून टाकले. विश्वकोशाची ही गत, तर बातमीचं काय? गेल्या वर्षीच्या हजारो शिळ्या बातम्या नव्या साइटवर कुणी वाचत नाही. वर त्यातली एखादी चूक निघाली तर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. फार तर स्वतःची, स्वतः जाऊन आणलेली वार्तांकनं न्या.

पायरी ४: नाव

जुन्या नावाशी मिळतंजुळतं नाव घेऊ नका, ‘खरे’, ‘मूळ’, ‘नवे’ असले उपसर्ग लावून तर मुळीच नाही. मजकुराचा परवाना मुक्त असला तरी साइटचं नाव आणि बोधचिन्ह मुक्त नसतं.

विकिट्रॅव्हलवाले निघाले तेव्हा ऑगस्ट २०१२मध्ये कंपनीने थेट दोन स्वयंसेवकांवर अमेरिकेत दावा ठोकला. मजकूर नेण्यावर कंपनीला बोट ठेवता येत नव्हतं, परवाना मुक्त होता. तक्रार होती नावाची: सदस्यांना पाठवलेल्या संदेशांत आणि जाहीर बोलण्यात जुन्या साइटचं नाव वापरून, जणू ती साइटच स्थलांतर करतेय असा समज पसरवला. न्यायालयात कंपनीचं म्हणणं टिकलं नाही आणि फेब्रुवारी २०१३मध्ये तडजोड झाली. पण त्या दोघांच्या मागे विकिमीडिया फाउंडेशन उभं होतं. तुमच्या मागे कोण आहे?

म्हणून निरोपाच्या पत्रात ‘अमुक साइट आता इकडे आली आहे’ असं कधीही लिहू नका. ‘अमुक साइटवर लिहिणारे आम्ही काही जण नवी साइट सुरू करत आहोत, जुनी साइट चालू आहे, तिचा आमच्याशी संबंध नाही.’ एवढं कोरडं वाक्य पुरतं.

पायरी ५: सातबारा कुणाच्या नावावर?

या पायरीवर घाई करणारे नंतर सर्वात जास्त रडतात. सुरुवातीला एक उत्साही जण स्वतःच्या कार्डावर डोमेन घेतो, सर्व्हर भाड्याने घेतो, देणग्या स्वतःच्या खात्यात घेतो. त्याची नियत चांगली असते. तरीही दोन महिन्यांनी मतभेद झाले की साइट त्याची असते आणि बाकीचे पाहुणे. सॉयलेंटन्यूजमध्येही सुरुवातीच्या काळातच सूत्रं एकाकडून दुसऱ्यांकडे गेली. त्यानंतर त्यांनी रीतसर कंपनी केली, लोकहिताचा उद्देश घटनेत लिहून. मालकाच्या मनमानीला कंटाळून आलेल्यांनी पुन्हा एकच मालक तयार करावा, यासारखी गंमत नाही.

महाराष्ट्रातून चालवणार असाल तर १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली संस्था करता येते. त्याला किमान सात सदस्य लागतात, आणि आपल्याकडे तिची नोंद १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडेही करावी लागते. दुसरा रस्ता २०१३च्या कंपनी कायद्यातल्या कलम ८च्या, म्हणजे ना-नफा, कंपनीचा. दोन्हींत कागद आहेत, दरवर्षीचे हिशोब आहेत. तेवढी ताकद पहिल्या दिवशी नसते हे मान्य. मग निदान एवढं करा: डोमेनच्या खात्याचा ईमेल सामायिक ठेवा, सर्व्हरचा पासवर्ड तिघांकडे असू द्या, आणि ‘संस्था झाली की डोमेन विनामोबदला तिच्या नावे करीन’ असं डोमेन घेणाऱ्याकडून लिहून घ्या. मैत्रीत कागद कशाला, असं कुणीतरी म्हणेलच. त्यालाच डोमेन घेऊ देऊ नका.

देणग्यांबाबत एक सूचना, कारण मराठी मंडळी जगभर आहेत आणि पहिला हात तिकडूनच पुढे येतो. दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणारा पण भारतीय पासपोर्ट असलेला माणूस स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत पैसे देत असेल तर ते परकीय योगदान धरलं जात नाही. त्याच्या शेजारच्याने अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, तर ते परकीय योगदान ठरतं. २०१०चा परकीय योगदान कायदा बातम्यांच्या बाबतीत खास कडक आहे. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून ध्वनी किंवा दृक्‌श्राव्य बातम्या देणाऱ्या संस्थांना तर असे पैसे घ्यायला सरळ बंदी आहे. पहिली पावती फाडण्याआधी सीएला विचारा.

पायरी ६: तपासणीचे नियम नव्याने लिहा, पण रागात नाही

जुन्या साइटच्या जाचक नियमांना कंटाळून निघालेले लोक पहिल्या झटक्यात सगळेच नियम फेकतात. मग पहिली खोटी बातमी छापून येते आणि दुसऱ्या आठवड्यात जुनं नियमपुस्तक जसंच्या तसं परत येतं.

विकिन्यूजचा साचा समोर ठेवा, त्यात विचार आहे. एकमेकांवर अवलंबून नसलेले किमान दोन स्रोत. लिहिणारा आणि तपासणारा वेगळा. बातमी दोन-तीन दिवसांपेक्षा शिळी असेल तर ती बातमी नाही. आणि प्रसिद्ध झाल्यावर साधारण आठवड्याने पान कुलूपबंद, त्यानंतर फक्त चूक-दुरुस्तीची नोंद. बातमीची तारीख हीच तिची ओळख, म्हणून हे कुलूप लागतं. नाहीतर विकिपीडियासारखं पान बदलत राहतं आणि त्या दिवशी काय ठाऊक होतं ते पुसलं जातं.

अडचण या नियमांत नव्हती, रांगेत होती. तपासनीस कमी, बातम्या रांगेत, आणि तीन दिवसांची मुदत संपली की नवख्या लेखकाची पहिलीच बातमी न छापता बाद. त्याच्या वाट्याला येतो फक्त नकाराचा शेरा. तो परत येत नाही. त्यामुळे उद्याचा तपासनीसही घडत नाही. इथे सुधारणा करायची असेल तर माझ्या मते अशी करा.

बातमीचे दोन आकार ठेवा. शंभर शब्दांची छोटी बातमी, तिची तपासणी दहा मिनिटांत होते. आणि लांब बातमी किंवा स्वतः जाऊन केलेलं वार्तांकन, त्याला पूर्ण पाऊण तास. नवख्याने पहिल्या पाच बातम्या छोट्याच लिहायच्या. रांगेत अठरा तास उलटले आणि कुणी हात लावला नसेल तर लांब बातमी छोटी करून पुढे न्यायची, बाद करायची नाही. तपासनिसाने नुसतं ‘अपुरे स्रोत’ असं लिहायचं नाही. कुठल्या वाक्याला स्रोत नाही ते दाखवायचं. आणि ज्याच्या दहा बातम्या सुधारणेशिवाय गेल्या, त्याला तपासायला बसवायचं, अनुभवी माणसाच्या शेजारी. स्वतःची बातमी स्वतःच प्रसिद्ध करायची मुभा मात्र कुणालाही नाही, संस्थापकालाही नाही. सगळे झोपलेत आणि मोठी बातमी आलीय, असा प्रसंग आठवड्यात एकदा येतो. झोपू द्या.

तपासणीची दुसरी बाजू कायद्याची. लोकांनी टाकलेला मजकूर जसाच्या तसा दाखवणारा मध्यस्थ आणि निवडून, तपासून, मथळा बदलून छापणारा प्रकाशक यांत फरक आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९चं संरक्षण, म्हणजे दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराची जबाबदारी अंगावर न येणं, पहिल्याला आहे. तुम्ही तपासता म्हणजे तुम्ही दुसऱ्या घरात जाता. बदनामीचा गुन्हा १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६मध्ये आहे, आणि ‘आम्ही स्वयंसेवक आहोत’ हा त्यावर बचाव नाही. फेब्रुवारी २०२१च्या डिजिटल माध्यमांच्या नियमांत बातम्यांच्या प्रकाशकाने तक्रार निवारण अधिकारी नेमावा आणि पंधरा दिवसांत तक्रार निकाली काढावी असं आहे. त्याच नियमांतल्या ९(१) आणि ९(३) या, आचारसंहिता पाळण्याविषयीच्या, उपनियमांना मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१मध्ये स्थगिती दिली. याचिका करणाऱ्यांत पत्रकार निखिल वागळे होते. कोर्टाचं जे व्हायचं ते होवो, तक्रार ऐकणारा एक माणूस आणि त्याचा ईमेल पहिल्या दिवसापासून पानावर ठेवा. निम्मी भांडणं वकिलाच्या नोटिशीआधीच तिथे मिटतात.

पायरी ७: निघताना

तुमच्याकडे जुन्या साइटची जी कामं होती, त्यांची यादी करून सोपवा: रोज आपोआप कामं करणारे बॉट (छोटे प्रोग्रॅम), सोशल मीडियाच्या खात्यांचे पासवर्ड, अर्धवट तपासलेल्या बातम्या. जुन्या साइटच्या नावाने पत्रकार म्हणून मिळालेलं ओळखपत्र किंवा प्रवेशपत्र परत करा. ते घेऊन नव्या साइटसाठी पत्रकार परिषदेत बसणं ही सरळ फसवणूक आहे. स्वतःचं जुनं लिखाण पुसत बसू नका. मुक्त परवाना मागे घेता येत नाही, आणि पुसलेली पानं तिकडचे एका क्लिकवर परत आणतात. फक्त तुमची शोभा होते.

निरोपाचं पत्र एकच, एकदाच. त्यात व्यक्तींची नावं नकोत. ते लिहून एक रात्र ठेवा आणि सकाळी निम्मं कापा.

मुहूर्ताचं म्हणाल तर माझं मत बदललंय. पूर्वी मी म्हणायचो, सगळं तयार झाल्याशिवाय जाहीर करू नका. सॉयलेंटन्यूजवाल्यांनी नेमकं उलटं केलं. बहिष्काराचा आठवडा चालू होता, लोक रागावून कुठे जावं ते शोधत होते, आणि यांनी स्लॅशडॉटचंच जुनं, मुक्त परवान्याखाली सोडलेलं सॉफ्टवेअर धूळ झटकून उभं केलं. ते इतकं जुनं होतं की अपाची सर्व्हरच्याही कालबाह्य आवृत्तीवरच चालायचं. पण लोकांना सवयीचं घर मिळालं. मालकाशी भांडण असेल तर गर्दी रस्त्यावर असतानाच दार उघडा, रंगरंगोटी नंतर. नियमाशी भांडण असेल तर घाई नको, कारण गर्दी नाहीच. आधी महिनाभर बंद दाराआड रोजच्या बातम्या काढून पाहा. तिसऱ्या आठवड्यातच कळेल कोण उरतंय.

पायरी ८: पहिले नव्वद दिवस

दोन प्रतिस्पर्धी आहेत, आणि त्यातला मोठा म्हणजे जुनी साइट नव्हेच. २६ नोव्हेंबर २००८ला मुंबईत हल्ला झाला तेव्हा विकिपीडियावर त्याच रात्री पान तयार झालं आणि लोक तिथेच धावले. विकिन्यूजची खरी कोंडी हीच होती. मोठी घटना घडली की लिहिणारे आणि वाचणारे दोघेही शेजारच्या मोठ्या घरात जायचे. २००७मध्येच न्यूयॉर्क टाइम्सने लिहिलं होतं की विकिपीडियाने नकळत या भावंडाचा गळा आवळलाय. तेव्हा दिवसाला आठ-दहा बातम्या निघत होत्या. तपासणीचा नियम ढिला केल्याने ही कोंडी फुटली नसती, हे बाहेर पडणाऱ्यांनी तेव्हा पुरेसं ओळखलं नाही, असं मला वाटतं.

तेव्हा पंतप्रधानांचं भाषण, क्रिकेटचा निकाल, निवडणुकीचे आकडे यांच्या नादी लागू नका. जिथे कुणी जात नाही तिथे जा: नगरपालिकेची सर्वसाधारण सभा, जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट, एसटीची बंद पडलेली फेरी. माहिती अधिकाराचा अर्ज साध्या कागदावर दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नऊ माणसांच्या साइटला याहून स्वस्त बातमीदार मिळणार नाही.

रोज रात्री एकाची पाळी लावा आणि पाळी चुकली तर ती नोंदवा, ओरडू नका. दर रविवारी फक्त तीन आकडे लिहा: किती बातम्या आल्या, किती प्रसिद्ध झाल्या, किती जणांनी तपासल्या. वाचकसंख्या नव्वद दिवस बघूच नका. तिसरा आकडा सलग तीन रविवार दोनवर आला तर बातम्या निम्म्या करा, त्याच आठवड्यात.

आणि जुन्या साइटबद्दल बातमी करायची नाही. पहिल्या महिन्यात हात शिवशिवतात. तुमच्या तिन्ही तपासनिसांचा त्यात हितसंबंध आहे, म्हणजे तुमच्याच नियमाने ती बातमी कुणालाच तपासता येत नाही.

पायरी ९: परतीचा रस्ता

फेब्रुवारी २००२मध्ये स्पॅनिश विकिपीडियाचे बरेचसे लेखक जाहिराती येणार या धास्तीने बाहेर पडले आणि त्यांनी सेव्हिल विद्यापीठाच्या सर्व्हरवर ‘एन्सिक्लोपेडिया लिब्रे’ सुरू केला. काही काळ तो मूळ स्पॅनिश विकिपीडियाच्या पुढेही होता. पण त्याच वर्षी विकिपीडिया डॉट कॉमवरून डॉट ऑर्गवर गेला, पुढच्या वर्षी विकिमीडिया फाउंडेशन झालं, जाहिराती आल्याच नाहीत, आणि हळूहळू नवे लेखक पुन्हा तिकडे वळले. बाहेर पडलेल्यांचा हा पराभव म्हणायचा का? मी म्हणणार नाही. त्यांना जे हवं होतं ते जुन्या घराने केलं.

म्हणून पहिल्याच दिवशी एक पान लिहून ठेवा: कुठली गोष्ट जुन्या साइटने केली तर आपण परत जाऊ. त्याच पानावर एक तारीखही हवी, ज्या दिवशी सगळ्यांनी बसून चालू ठेवायचं की नाही ते ठरवायचं. सुरुवातीपासून सहा महिन्यांनी, सणासुदीचा नसलेला रविवार बघा. आपला परवाना जुन्या साइटच्या परवान्याशी जुळता ठेवला असेल तर तुमच्या बातम्या तिकडे परत नेता येतात. नसेल तर नाही, तेव्हा पायरी ३ पुन्हा वाचा.

बंदच करायचं ठरलं तर महिनाभर आधी सांगा. लिखाण थांबवा पण पानं वाचायला खुली ठेवा. संपूर्ण मजकूर इतिहासासकट एका फाइलमध्ये काढून इंटरनेट अर्काइव्हवर चढवा, आणि डोमेनचं भाडं पुढच्या दोन वर्षांसाठी भरून टाका. सोडून दिलेलं नाव दुसऱ्या दिवशी कुणी जुगाराची जाहिरात लावायला उचलतं, आणि तुमच्या जुन्या बातम्यांचे सगळे दुवे तिकडे जायला लागतात. शिल्लक राहिलेल्या देणगीचा हिशोब त्याच पानावर टाका, पैशापैशाचा.